गाडी निघते इंजिनावर, थांबते टायरवर

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

आगोटीचे दिवस आले, की वसई-विरारमध्ये घरोघरी पावसाळ्याची तयारी सुरू होते. कौले चाळली जातात, पडवीवर ताडपत्री चढते, सुकी मासळी, मसाले, लाकूडफाटा यांची बेगमी होते. अलीकडे या तयारीत आणखी एका खरेदीची भर पडली आहे. दारात फोर-व्हील ड्राइव्ह गाडी असलेली मंडळी विचारू लागतात, ‘पावसाआधी ऑल-टेरेन टायर घालून घेऊ का? कुठल्या कंपनीचे घेऊ?’ कामानिमित्त मी वसईहून जव्हार-मोखाड्यापर्यंत अशा गाडीने बरीच वर्षे फिरतो आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी उलट विचारतो, ‘गेल्या वर्षभरात तुझी गाडी डांबर आणि काँक्रीट सोडून किती दिवस चालली?’ बहुतेकांना जरा आठवावे लागते. कंपनीचे नाव ठरवण्याआधी हे उत्तर हाती असायला हवे, कारण बाकीची निवड त्यावर अवलंबून आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोन चाकांना मिळतो, फोर-व्हील ड्राइव्हमध्ये तो चारही चाकांना देता येतो. त्यामुळे चिखलातून, सैल मुरमावरून, निसरड्या चढावरून गाडी बाहेर काढणे सोपे होते. पण ब्रेक? तो तर साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतो. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत या महागड्या यंत्रणेचा काडीचाही उपयोग नाही. उलट गाडी जड असते आणि आत बसलेल्याला उंचावरून सुरक्षित वाटत राहते, म्हणून वेगही थोडा जास्तच असतो. थांबण्याच्या वेळी गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये असते ते फक्त टायरचे रबर.

हे रबर किती असते, याचा साधा हिशेब मांडता येतो. माणसांसकट गाडीचे वजन १८०० किलो धरले, तर एका चाकावर ४५० किलो येतात. हवेचा दाब ३० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार केला की जमिनीला टेकणारी जागा येते जेमतेम २१५ चौरस सेंटिमीटर, हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी. त्यातही खाचांची जागा वजा करायची. अख्खा संसार घेऊन धावणारी गाडी अशा चार पंजांवर उभी असते. टायर निवडणे म्हणजे या पंजांवर किती रबर ठेवायचे आणि किती खाच ठेवायची, हे ठरवणे.

जीपसारख्या गाड्यांच्या टायरचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला हायवे टेरेन, बोलीभाषेत एचटी. याच्या खाचा अरुंद, रबर जास्त, आवाज कमी. दुसरा ऑल-टेरेन, म्हणजे एटी. याचे रबराचे ठोकळे मोठे आणि सुटे सुटे, मधल्या खाचा रुंद आणि खोल, खांद्यावरही दात असतात. तिसरा मड टेरेन, एमटी. त्याचे ठोकळे राक्षसाच्या दातांसारखे. चाक फिरले की चिखल बाहेर फेकला जावा म्हणून मध्ये भरपूर मोकळी जागा. एटी हा या दोघांमधला. दोन्हीकडचे थोडे थोडे घ्यायचे, म्हणजे दोन्हीकडे थोडे थोडे सोडायचेही, हे त्याच्या जन्मातच आहे.

हा प्रकार तसा नवा आहे. मुंबईत १९४९ मध्ये महिंद्रने विलिस जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हाच्या जीपला ६.०० बाय १६ मापाचे, आडव्या-तिरप्या धाग्यांच्या थरांचे टायर असत. ते चिखलात चालत, दगडाला भीत नसत, पण वेग वाढला की तापत आणि ओल्या डांबरावर घसरत. पुढे रेडियल टायर आला. त्यात माथ्याखाली पोलादी तारांचा पट्टा असतो, त्यामुळे माथा सपाट टेकतो आणि कमी तापतो. अमेरिकेत बीएफगुडरिच कंपनीने १९७६ मध्ये रेडियल बांधणीचा ऑल-टेरेन टायर बाजारात आणला आणि आडवाट व महामार्ग दोन्ही एकाच टायरवर हाकण्याची कल्पना रुजली. आज एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके या आपल्याकडच्या कंपन्याही असे टायर बनवतात.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. तुमच्या गाडीला कारखान्यातूनच एटी टायर आलेला असू शकतो. २०२० मध्ये नवी थार आली, तेव्हा तिच्या वरच्या प्रकारांना २५५/६५ आर १८ मापाचे ऑल-टेरेन टायरच होते. अशा गाडीचा मालक ‘एटी घालू का’ विचारतो, तेव्हा त्याला खरे तर आणखी उग्र दिसणारा टायर हवा असतो. दिसण्यासाठी टायर घ्यायला कोणाची हरकत नाही, फक्त त्याची किंमत पैशांखेरीज आणखी कशात मोजावी लागते, ते ठाऊक असावे.

ती किंमत ओल्या रस्त्यावर दिसते. एटीच्या रुंद खाचा पाणी बाहेर सारायला चांगल्या, यात शंका नाही. पण जमिनीला टेकणारे रबर त्यामुळे कमी होते. शिवाय दगडाने कापू नये म्हणून हे रबर बहुधा कडक ठेवलेले असते आणि उंच ठोकळे ब्रेक दाबल्यावर डुलतात. ओल्या, गुळगुळीत काँक्रीटवर चांगल्या एचटी टायरच्या तुलनेत एटीची पकड साधारणपणे कमी पडते, ती या कारणांनी. समजा ही पकड एक पंचमांशाने कमी झाली. ताशी ८० किलोमीटर वेगात एचटीवर गाडी ब्रेक दाबल्यापासून ५० मीटरवर थांबत असेल, तर आता तिला ६२-६३ मीटर लागतील. म्हणजे बारा मीटर जास्त, पुढे उभ्या असलेल्या तीन मोटारींएवढी जागा. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते, ती वेगळीच.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहू. वसई तालुका लहान, पण त्यात जमिनीचे प्रकार किती! पश्चिमेला पापडी, निर्मळ, गास, आगाशीकडच्या वाड्या, केळीच्या बागा आणि त्यांतून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. मध्ये खाजण आणि मिठागरे. नालासोपारा-विरारचे गजबजलेले रस्ते. मग मुंबई-अहमदाबाद महामार्ग. त्याच्या पूर्वेला कामण, चिंचोटी, तुंगारेश्वरचे डोंगर आणि शिरसाडवरून पारोळ, उसगाव, अंबाडी, वज्रेश्वरीकडे जाणारा भाग. एकाच रविवारी सकाळी अर्नाळ्याला आणि दुपारी वज्रेश्वरीला गेलेला माणूस यातले जवळजवळ सगळे प्रकार चाकाखाली घालतो.

महामार्गापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचे सर्वांत जास्त किलोमीटर तिथेच होतात आणि वेगही तिथेच असतो. या रस्त्यावर डांबरावर काँक्रीटचा थर देण्याचे काम २०२४ मध्ये हाती घेण्यात आले. काँक्रीट टायर लवकर झिजवते. पावसाच्या पहिल्या सरीत त्यावर सांडलेले तेल, धूळ आणि रबराची भुकटी यांचा पातळ राप तयार होतो. अशा वेळी उपयोगाच्या असतात त्या रबराच्या ठोकळ्यांवरच्या केसासारख्या बारीक चिरा. त्या पाण्याचा शेवटचा पापुद्रा फोडतात आणि त्यांच्या कडा रस्त्याला धरतात. म्हणून एटी टायर घ्यायचाच असेल, तर दुकानात ठोकळ्यांवर बोट फिरवून पाहा. भरपूर चिरा असलेला, ठोकळे एकमेकांच्या जवळ असलेला सौम्य एटी आपल्या पावसाला बरा. कोऱ्या, चिराविरहित ठोकळ्यांचा टायर फोटोत छान दिसतो, पण ओल्या काँक्रीटवर भरवशाचा नसतो.

शहरातले आणि चिंचोटी-कामण-भिवंडीसारखे रस्ते पावसाळ्यात खड्ड्यांचे. खड्ड्याच्या तुटक्या कडेवर टायर आपटतो, तेव्हा रिम आणि कडा यांच्यामध्ये टायरची बाजू चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. मग बाहेरून फुगा येतो. अशा रस्त्यावर टायरची बाजू उंच असणे हा मोठा फायदा. २५५/६५ आर १८ टायरची बाजू १६६ मिलिमीटर उंच, २४५/७५ आर १६ ची १८४. दोघांची एकूण उंची जवळपास सारखी, पण लहान रिमवरच्या टायरला चेपण्यासाठी जास्त जागा आहे. मोठी, चकचकीत रिम हवी असे वाटेल तेव्हा हा फरक आठवावा.

पूर्वेच्या डोंगराळ भागात बेसाल्टचा काळा, धारदार दगड. खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर, सातिवलीहून ओढा ओलांडत तुंगारेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, किंवा जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर टायर माथ्यापेक्षा बाजूने जास्त फाटतो. पंक्चर काढता येते. बाजू फाटलेल्या टायरला भरवशाची दुरुस्ती नाही. एटीचे खरे मोल इथे. चांगल्या एटीची बाजू जाड असते आणि काहींत धाग्यांचे तीन थर असतात. तुंगारेश्वर हे २००३ पासून अभयारण्य आहे, तेव्हा तिथे टायर कोणताही असो, वनखात्याने आखून दिलेल्या वाटेबाहेर गाडी घालायची नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

भाताच्या खाचरांचा चिकट चिखल हा वेगळाच. तो एटीच्या खाचांत लिंपून बसतो आणि चार फेऱ्यांत टायर टकला झाल्यासारखा गुळगुळीत होतो. खरे काम करतो तो एमटी, पण वर्षातून चार दिवसांच्या चिखलासाठी उरलेले ३६१ दिवस ओल्या-कोरड्या काँक्रीटवर एमटी फिरवणे म्हणजे घरात गमबूट घालून वावरण्यासारखे. राहिला समुद्रकिनारा. राजोडी, कळंब, अर्नाळ्याची वाळू ओहोटीला टणक दिसते, भरतीचे पाणी शिरले की तीच चाक गिळते. कुठलाही टायर भरतीला थोपवत नाही. आणि किनारा ही माणसांची, होड्यांची आणि जाळ्यांची जागा आहे; तिथे गाडी नेऊच नये.

आता निवड सोपी होते. वसई-विरारमध्ये राहायचे, ठाण्या-मुंबईला नोकरी, महिन्यातून एखादी सहल, असे ज्यांचे आहे त्यांनी चांगला एचटी टायर घ्यावा. फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून एटी घातलाच पाहिजे, असे कुठेही लिहिलेले नाही. ज्यांची शेती पारोळ-उसगावकडे आहे, जे दर आठवड्याला कच्च्या रस्त्यावर उतरतात, टकमक किंवा कामणदुर्गाच्या पायथ्याशी नेहमी जातात, त्यांनी भरपूर चिरांचा सौम्य एटी घ्यावा. ज्यांचे पोट खाण, जंगल किंवा पाड्यांवरच्या कामावर आहे, त्यांनीच जाड बाजूचा, जड बांधणीचा एटी घ्यावा आणि महामार्गावर ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेग कमी ठेवावा. या जड टायरने गाडीचे अॅव्हरेज घटते, आवाज वाढतो, स्टिअरिंग मंद होते. तो तोटा त्यांना परवडतो, कारण फाटलेल्या टायरने रानात अडकणे त्यांना परवडत नाही.

प्रकार ठरला, की टायरच्या बाजूवरचे आकडे वाचायला शिका. उदाहरण घेऊ १९५/८० आर १५ चे, जिम्नीचे मूळ माप. १९५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पूर्ण टायरची उंची होते ६९३ मिलिमीटर. त्यापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा भार सांगतो: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०९ म्हणजे १०३० किलो. अक्षर वेग सांगते: क्यू म्हणजे ताशी १६०, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किलोमीटर. नव्या टायरचा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको, ही पक्की अट. मापाच्या आधी एलटी अशी अक्षरे असतील, तर तो हलक्या मालवाहू गाड्यांसाठीच्या जड बांधणीचा टायर. त्याला तेवढाच भार पेलायला जास्त हवा लागते. दरवाजाजवळच्या चिठ्ठीवरचा दाब मूळ टायरचा असतो, तो एलटीला जसाच्या तसा लागू करू नका. विक्रेत्याकडून त्या टायरचा भार-दाबाचा तक्ता मागून घ्या.

मग चार आकडी तारीख शोधा. ३५२५ लिहिले असेल, तर तो टायर २०२५ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर नवा दिसतो, पण रबर आतून म्हातारे होत असते. परदेशी टायरांच्या बाबतीत ही तारीख विशेष पाहावी. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले. त्यानंतर काही परदेशी टायर कधी मिळतात, कधी महिनोन् महिने मिळत नाहीत. उद्या एक टायर फाटला, तर तसाच दुसरा मिळेल का, हे चार टायर घेण्याआधीच विचारून ठेवावे. आयएसआयची खूणही पाहावी. ती आपल्याकडे बंधनकारक आहे.

मापाच्या बाबतीत ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ध्यानात ठेवा. जिम्नीला २३५/७५ आर १५ घातला तर गाडी भारदस्त दिसते. पण या टायरची उंची ७३३ मिलिमीटर, मूळपेक्षा जवळजवळ सहा टक्के जास्त. म्हणजे स्पीडोमीटरचे सगळे आकडे सरकतात. पूर्वी ज्या वेगाला काटा ८० वर यायचा, त्याच काट्याला आता गाडी ८५ ने धावते. इंजिनाला आणि ब्रेकला तेच चाक फिरवायला व थांबवायला जास्त जोर लागतो. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डला घासू शकतो. मागच्या दरवाजावर लटकलेली जड स्टेपनी बिजागऱ्यांना ओढते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. नोंदणीतल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत आणि अपघातानंतर विमा कंपनी अशाच गोष्टींवर बोट ठेवते. कंपनीने त्याच गाडीच्या एखाद्या प्रकाराला दिलेले माप घ्यावे. त्यापलीकडे जाऊ नये.

फोर-व्हील ड्राइव्हला आणखी एक अट आहे. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. कारण सांगतो. नव्या आणि सहा मिलिमीटर झिजलेल्या टायरच्या व्यासात बारा मिलिमीटरचा फरक पडतो. किलोमीटरभरात दोघांच्या चालीत दहा-पंधरा मीटरचा फरक येऊ शकतो. दोन चाकांवर चालताना तो फारसा जाणवत नाही, पण पुढचा-मागचा आस एकत्र जोडला की हा फरक जिरायला जागा नसते. तो गिअर आणि शाफ्टवर ताण बनून बसतो. म्हणून दोन नवे, दोन जुने असा खेळ इथे करू नये. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे फिरवून घ्यावेत आणि स्टेपनीलाही त्या फेरीत धरावे, म्हणजे पाचही जण एका माळेचे मणी राहतात. याच कारणाने कोरड्या काँक्रीटवर फोर-व्हील ड्राइव्ह लावून चालवू नये. ज्या गाड्यांत ती यंत्रणा हाताने लावावी लागते, त्यांना हे विशेष लागू.

आता हवेबद्दल. पंक्चरवाल्याकडे आपण ‘तीस हवा मार’ म्हणतो आणि निघतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. सैल जमिनीवर अडकलेली गाडी काढायला जाणकार लोक हवा १८-२० पर्यंत उतरवतात, कारण टायर पसरतो आणि टेकणारी जागा वाढते. युक्ती खरी आहे. पण तशाच टायरवर महामार्गाला लागणे जिवावर बेतू शकते. कमी हवेचा टायर वाकून वाकून तापतो, हे एक. दुसरे पाण्याचे. रस्त्यावर पाणी साचले असताना एका वेगानंतर टायर पाण्यावर तरंगू लागतो, मग स्टिअरिंगही नाही आणि ब्रेकही नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून याचे ढोबळ सूत्र काढले. त्यानुसार खोल पाण्यात गुळगुळीत टायर ३२ हवेला ताशी सुमारे ९४ किलोमीटरवर तरंगतो आणि २० हवेला ७४ वरच. चांगल्या खाचा असतील तर थोडी सवलत मिळते, पण दिशा तीच. म्हणून हवा उतरवायची असेल, तर गाडीत बारा व्होल्टचा पंप ठेवा आणि डांबर लागण्याआधी हवा पूर्ववत करा.

खाचांची कायदेशीर मर्यादा मोटारीसाठी १.६ मिलिमीटर. खाचेच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की टायर संपला. पण आपल्या पावसात तिथपर्यंत वाट पाहू नये. खाच तीन मिलिमीटरच्या खाली गेली, की ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर झपाट्याने वाढते. एटी टायर नवा असताना खाच खोल असते, म्हणून झिजलेला एटीही दुरून दणकट दिसतो. दिसण्यावर जाऊ नका, मोजा. खाच मोजायचे लहान साधन स्वस्तात मिळते.

शेवटी पुराच्या पाण्याबद्दल, कारण मोठ्या टायरमुळे सर्वांत मोठी फसवणूक तिथेच होते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून वसई-विरारची लोकल बंद पडली होती आणि मिठागरांच्या वस्तीला पाण्याने वेढले होते. अशा दिवशी उंच गाडीवाल्याला वाटते, आपण जाऊ. पाण्यातून किती खोल जायचे, हे गाडीच्या हवा ओढणाऱ्या नळीवर आणि विजेच्या जोडण्यांवर ठरते. थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, तेही संथ पाण्यात. टायर बदलल्याने इंजिनाची ती मर्यादा उठत नाही. वाहते पाणी तर आणखी वेगळे. फूटभर वाहत्या पाण्यात लहान मोटार सरकू लागते, दोन फुटांत बहुतेक मोठ्या गाड्याही वाहून जातात, कारण पाणी गाडीला वर उचलते आणि चाकांवरचे वजनच काढून घेते. वजन गेले, की खाचा कितीही खोल असोत, त्यांना धरायला काही उरत नाही. तानसा-वैतरणेच्या काठच्या सखल पुलांवर पाणी असेल, तर गाडी मागे वळवावी.

पाऊस सुरू व्हायला अजून थोडे दिवस असतील, तर एवढे करा. सकाळी गाडी थंड असताना पाचही टायरांची हवा तपासा. बाजूवरची चार आकडी तारीख कागदावर लिहा. पाच-सहा वर्षे उलटली असतील, तर खाच असली तरी टायर जाणकाराला दाखवा. बाजूंवर हात फिरवून फुगा किंवा चीर लागते का, ते पाहा. खाचेत मोजमाप घाला. आणि वर्षभरात आपण कच्च्या रस्त्यावर किती दिवस होतो, ते बोटांवर मोजा. बोटे पुरली, तर एचटीचे पैसे द्या आणि उरलेल्या पैशांत अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि ब्रेकचे काम करून घ्या. बोटे पुरली नाहीत, तर एटी खुशाल घ्या. फक्त नवा टायर बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा आणि ओल्या महामार्गावर पुढच्या गाडीपासून आजवर ठेवत होता त्यापेक्षा जास्त अंतर ठेवा.